टाकीवर काच की जाळी?

खाऱ्या पाण्याची टाकी घरात ठेवली की पाहुण्यांचे प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "हे पाणी चौपाटीवरून आणता का?" दुसरा, "निमो कुठाय?" आणि मासे बघून झाले, चहा आला, की तिसरा: "वरून अशी उघडीच ठेवलीये?" तिसरा प्रश्न विचारताना आवाजात थोडी काळजी असते आणि थोडा आरोपही. पाल पडेल, धूळ पडेल, मूल हात घालेल. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं झटकन देता येतात. पाणी आरओचं, मीठ खास त्यासाठी मिळणारं, लिटरमागे साधारण 35 ग्रॅम; आणि निमो त्या दगडामागे. तिसऱ्याचं उत्तर द्यायचं तर चहा पुन्हा टाकावा लागतो.

टाकी उघडी नाहीये, हे आधी सांगते. तिच्यावर जाळी आहे, पण धागा इतका बारीक की चार पावलांवरून दिसत नाही. काचेचं झाकणसुद्धा आहे माझ्याकडे. ते गाद्यांच्या कपाटामागे जुन्या चादरीत गुंडाळून उभं असतं. मुंबईत समुद्री टाकीवर काच कायमची ठेवू नये असं माझं ठाम मत आहे आणि त्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार असते. मात्र हे मत मुंबईपुरतंच. माझी पुण्याची मैत्रीण आणि कॅनडातल्या एडमंटनचा मावसभाऊ, दोघेही याच छंदात बुडालेले, आणि दोघांच्याही टाक्यांना माझं उत्तर लागू पडत नाही. या छंदातलं बहुतेक ज्ञान थंड देशांतून येतं. तिथे टाकीत हीटर असतो. आमचा हीटर माळ्यावर पडलेला आहे आणि चालतो तो पाणी गार करणारा चिलर, मीटर गरागरा फिरवत.

काचेचं झाकण करून घेणं सोपं असतं. काचवाल्याकडे माप द्यायचं, पाच एमएमची काच, दोन तुकडे, म्हणजे खाणं घालताना एकच उचलता येतो. कडा घासून घ्यायच्या, नळ्यांसाठी मागच्या कोपऱ्यात खाच ठेवायची. पहिल्या दिवशी ते फार देखणं दिसतं. आठवड्याने त्याच्या खालच्या बाजूला थेंबांची दाटी होते, थेंब काठाकडे सरकतात, तिथून टाकीच्या बाहेर येतात आणि वाळतात. मग कडेवर पांढरी साय धरते, सायीची खरखरीत पापडी होते, पापडीला बोंडं फुटतात. हे मीठ चढतं, अगदी शब्दशः. मिठाच्या बारीक कणांमधल्या फटींतून खारं पाणी वर ओढलं जातं, पुढे जाऊन वाळतं, आणि वाळलेलं मीठ पुढच्या थेंबाला वाट करून देतं. टाकीच्या काठावरून पंपाच्या वायरवर, वायरवरून एक्स्टेन्शन बोर्डाकडे. म्हणून समुद्री टाकीवाल्यांच्या वायरी बोर्डाच्या खाली झोका घेऊन मग वर येतात. ओघळ आलाच तर झोक्याच्या तळाशी ठिबकावा, प्लगमध्ये शिरू नये. उघड्या टाकीतही मीठ चढतं. फक्त काच असली की सगळा ओलावा काठाशी गोळा होतो आणि पापडीही तिथेच धरते. उलट टाकीवरचे दिवे शिंतोड्यांपासून वाचतात, हे काचेच्या बाजूने सांगायला हवं. खाऱ्या शिंतोड्यांनी दिव्याचे स्क्रू बघता बघता गंजतात.

पण खरा मामला उडून जाणाऱ्या पाण्याचा आहे.

माझी टाकी तीन फुटी, दीड फूट रुंद, तेवढीच उंच. काठोकाठ भरली तर 190 लिटर. डिसेंबर-जानेवारीत मुंबईची हवा जरा कोरडी होते तेव्हा तिच्यातून दिवसाला दीडेक लिटर पाणी उडतं. पाणी जातं, मीठ राहतं. मी मुलुंडला राहते. हायवेच्या पलीकडे मिठागरं आहेत आणि तिथे नेमकं हेच व्हावं म्हणून उथळ वाफे बांधलेले. माझ्या घरात मात्र तेच होऊ नये म्हणून धडपड. उडालेल्या पाण्याच्या जागी रोज गोडं पाणी घालायचं, मिठाचं नव्हे. एक दिवस चुकला तर लिटरमागे 35 ग्रॅम मिठाचं 35.3 होतं, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. आठवडाभर विसरलात तर 37. मासे सोसतात, कोळंबी दगडाखालून बाहेर यायची बंद होते. म्हणून आता खाली एक डबा, त्यात छोटा पंप आणि पातळी ओळखणारा डोळा आहे. पातळी बोटभर उतरली की तो आपोआप भर घालतो. हे यंत्र येण्याआधी झाकण हवंसं वाटायचं ते याच कटकटीपायी. काच ठेवली की उडणारं पाणी बरंचसं थांबतं.

आणि तिथेच गोची होते. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता बरोबर नेतं. विजेच्या बिलाच्या हिशेबात ती पाऊण युनिटपेक्षा थोडी कमी. दीड लिटर म्हणजे दिवसाला एक युनिट उष्णता, बिनपैशाने बाहेर. काचेने ती वाट बंद केली की तेवढी उष्णता पाण्यातच राहते. चाळीस वॅटचा बल्ब चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवल्यासारखी. दुसऱ्या कुठल्याच वाटेने ती गेली नाही तर माझी टाकी एका दिवसात जवळपास साडेचार अंशांनी तापेल. प्रत्यक्षात इतकी तापत नाही, खोली पाण्यापेक्षा गार असली की काचांतून, आणि वरचं पाणी जिच्यात उतरतं त्या खालच्या टाकीतून, काही उष्णता निघून जातेच. पण या माशांना 24 ते 27 अंश मानवतं, उन्हाळ्यात खोली 32 वर असते, पंप आणि दिवे वेगळी भर घालतात, आणि मग एक-दोन अंशसुद्धा महाग पडतात. ते चिलरला खेचून काढावे लागतात. पाणी वाचवायला काच घातली आणि वीज घालवली, एवढाच त्याचा अर्थ.

आता कुणी म्हणेल, मग पाण्यावर पंखा लावा, चिलरच कशाला? पुण्यात हे चालतं. एप्रिलच्या दुपारी तिथे पारा 38 वर आणि हवा ठणठणीत कोरडी असते. मैत्रिणीने टाकीच्या काठाला कॉम्प्युटरमधले दोन छोटे पंखे आडवे लावलेत, पाण्यावर तिरपी झुळूक टाकणारे, आणि तेवढ्यावर तिचं पाणी खोलीपेक्षा चांगलं गार राहतं. उन्हाळ्यात तिला रोज बादलीने पाणी घालावं लागतं, पण चिलर घ्यावा लागलेला नाही. कूलर नागपुरात खोली गार करतो आणि मुंबईत नुसता ओलावा वाढवतो, त्यातलंच हे. हवा जितकी कोरडी तितकी ती पाणी पिते. मुंबईत जुलैमध्ये हवेचं पोट आधीच भरलेलं असतं. टाकी 26 अंशांवर, बाहेर पाऊस, खिडक्यांच्या लाकडाला बुरशी, आणि माझ्या भरपाईच्या डब्यातली पातळी दिवसेंदिवस तिथल्या तिथेच. पंखा लावला तर फक्त आवाज. चिलरच्या थंड नळीला घाम फुटलेला. अशा दिवसांत काच ठेवली काय, काढली काय, पाण्याला फरक पडत नाही. रात्री एसी लावला की हवा कोरडी होते आणि सकाळी डबा थोडा उतरलेला दिसतो. टाकी एकच, घर एकच. पण काचेबद्दलचं उत्तर मात्र ऋतूप्रमाणे बदलतं.

एडमंटनचं गणित पार उलटं. हिवाळ्यात बाहेर उणे पंचवीस, घरात हीटिंगमुळे हवा कोरडीठाक. मावसभावाच्या उघड्या टाकीतून पाणी नुसतं पळत होतं, आणि ते जाऊन बसत होतं खिडक्यांच्या आतल्या बाजूला. तिथे त्याचा बर्फ व्हायचा, दुपारी वितळून चौकटीत मुरायचा. वहिनीने एक दिवस खिडकीखालची फुगलेली पट्टी दाखवली आणि विचारलं, "तुझे मासे की माझं घर?" त्याने टाकीचा तीन चतुर्थांश भाग काचेने झाकला. उष्णता पाण्यातच राहते, तर तिथे ती हवीच आहे. हीटर कमी चालतो. माझ्या घरात जो काचेचा दोष तोच त्याच्या घरात गुण.

त्याला तरीही थोडी जागा उघडी ठेवावी लागली. तो प्रवाळ पाळतो. आपल्याकडे दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत, त्यामुळे माझ्या टाकीत कृत्रिम खडक आणि मासे-कोळंबी एवढंच. प्रवाळ सांगाडा बांधताना पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट वापरून टाकतात. ते परत घालायचा एक जुना, स्वस्त आणि मला फार आवडणारा उपाय म्हणजे चुन्याची निवळी. 1970 च्या दशकात पेटर विल्केन्स यांनी युरोपातल्या हौशी लोकांत तो रुजवला आणि आजही जगभर त्याला जर्मन नावानेच ओळखतात, काल्कवासर. आपल्या आज्या चुना पाण्यात कालवून, खाली बसू देऊन वरचं नितळ पाणी औषधाला वापरत, तेच हे. अडचण इतकीच की चुना पाण्यात फार विरघळत नाही, लिटरमागे जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम. म्हणजे जास्त चुना हवा असेल तर जास्त निवळी घालायला हवी. आणि निवळी घालायला जागा हवी म्हणजे तेवढं पाणी आधी उडायला हवं. टाकी गच्च झाकली की पाणी उडत नाही, निवळीला जागा राहत नाही, प्रवाळ उपाशी. उडून जाणारं पाणी म्हणजे निव्वळ तोटा असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. भावाने फोनवर हा हिशेब मांडला तेव्हा वाटलं, पाणी उडण्याचा असाही उपयोग असू शकतो.

त्याच्याकडे दुसरी अडचण हवेची. घराची दारं-खिडक्या पाच महिने बंद, माणसं आत श्वास सोडणार, कार्बन डायऑक्साइड साचणार, तो पाण्यात विरघळणार आणि पाण्याचा पीएच 8.2 वरून 7.8 कडे घसरणार. प्रवाळांना हे आवडत नाही. याचा दोष सगळे झाकणाला देतात. त्याने झाकण काढून पाहिलं, फारसा फरक नाही. कारण उघडी टाकीसुद्धा त्या कोंडलेल्या घराचीच हवा घेत होती. शेवटी स्किमरला, म्हणजे फेस करून घाण बाहेर काढणाऱ्या नळकांड्याला, जी हवेची नळी लागते ती त्याने भिंतीला भोक पाडून बाहेर काढली, आणि पीएच वर आला. आमच्याकडे एसी लावून बंद केलेल्या खोलीतही हेच होतं. सकाळी बाल्कनीचं दार उघडलं की सुधारतं.

या उघड्या दारावरून मला इंग्रज निसर्ग-अभ्यासक अॅना थिन आठवतात. 1846 साली त्यांनी इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. पंप नाही, वीज नाही, समुद्र दूर. त्यांच्या घरातली मोलकरीण रोज उघड्या खिडकीसमोर उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायची, अर्धा-पाऊण तास. पाण्यात हवा खेळवायची ती त्या काळची सोय. त्याच लंडनमध्ये डॉ. नॅथॅनियल वॉर्ड यांनी 1829 च्या सुमारास नेच्याची रोपं बंद काचपेटीत जगतात हे दाखवलं होतं, आणि काचेखाली झाकलेली झाडं ही शहरभराची हौस झाली. नेच्याला बंद पेटी मानवली. समुद्राच्या जिवांना मात्र खिडकीशी न्यावं लागलं. थिनबाईंचं नाव थोडंफार उरलं. त्या मोलकरणीचे खांदे किती दुखले असतील, त्याची नोंद कुठे नाही.

झाकणाने मासे गुदमरतात, हेही पुष्कळदा ऐकायला मिळतं. अर्धं खरं आहे. पंप चालू असेल, पाणी खालच्या टाकीत कोसळत असेल, स्किमर फेस काढत असेल, तर ऑक्सिजन तिथूनच भरपूर मिळतो. वर काच असो वा नसो. वीज गेली की सगळं बदलतं. खाऱ्या पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी मावतो: 25 अंशांना लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास, 30 ला सव्वासहा. गोड्या पाण्यात त्याच तापमानांना सव्वाआठ आणि साडेसात. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, आठवत असेल. ऑक्टोबरचं ऊन, घरी बसून काम, आणि अचानक सगळं शांत. टाकीत पाणी हलायचं थांबलं की पृष्ठभागावर पातळ तेलकट पापुद्रा धरतो. फोडणीची वाफ स्वयंपाकघरापुरती राहत नाही, हे तेव्हा कळतं. मी बॅटरीवरचा एअर पंप सोडला आणि मधूनमधून पातेल्याने पाणी उचलून वरून ओतत राहिले. थिनबाईंची मोलकरीण. अशा वेळी पाण्याला हवा मिळायची एकच जागा उरते, पृष्ठभाग, आणि त्यावर काच ठेवणं मला पटत नाही.

तर मग काहीच ठेवू नये? ठेवावं लागतं. कारण मासे उडतात.

माझ्याकडे फायरफिश आहे. बोटाएवढा लांब, पुढून दुधी, मागून केशरी होत गडद लाल, आणि पाठीवर काडीसारखा उभा पर, तो सारखा वर-खाली करत पाण्यात एका जागी तरंगत राहतो. स्वभावाने घाबरट. रात्री दिवे अचानक गेले, कुणी पटकन जवळ आलं, दुसऱ्या माशाने हूल दिली, की तो बिळात जातो किंवा सरळ वर. वर गेला की उघड्या टाकीतून बाहेर. कोरल रीफवर वर गेलं तरी पुन्हा पाण्यातच पडायचं असतं, त्यामुळे जमीन नावाची गोष्ट त्याच्या हिशेबात नाही. रास, गोबी, जॉफिश, सगळ्यांची हीच खोड, आणि वाम तर नळीच्या खाचेतूनसुद्धा निघते. काचेच्या झाकणातली ती खाच असते ना, मासा नेमका तीच शोधतो. शिवाय उसळी मारून काचेवर आपटला तर डोकं फुटतं. जाळीवर आपटला तर जाळी दबते आणि त्याला परत पाण्यात सोडते. रात्री कधी कधी 'टप्' असा आवाज येतो. सकाळी जाळीवर तिथे मिठाचा एक छोटा गोल दिसतो.

दुधाच्या पातेल्यावर आपण ताटली ठेवत नाही, जाळी ठेवतो. वाफ जावी आणि वरून काही पडू नये. टाकीला मी तेच केलं. खिडकीला मच्छर-जाळी बसवणारा माणूस पहिल्यांदा आला, त्याच्या काळ्या जाळीने प्रकाश फार अडत होता. कबुतरांच्या जाळीतून फायरफिश सपत्नीक निघून गेला असता. शेवटी कोळीवाड्यात एका दुकानात गेले. "बारीक आसाची, पारदर्शक, नायलॉनची जाळी द्या," म्हटलं. दुकानदार आजोबांनी विचारलं, "कंचा मासा धरायचाय?" मी म्हटलं, "धरायचा नाही हो, सुटू द्यायचा नाहीये." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि दीड मीटर कापून दिली. चौकट पीव्हीसीची केली. अॅल्युमिनियम खाऱ्या हवेत पांढरं पडतं. प्रकाश जवळजवळ सगळा खाली जातो. साध्या काचेच्या दोन्ही पृष्ठांवर मिळून आठेक टक्के प्रकाश परततो, तोही काच लख्ख असेल तर. मिठाची पापडी आणि थेंब धरलेली काच किती खाते ते दर आठवड्याला ती पुसणाऱ्याला विचारा.

गच्च झाकण मी वापरते ते दुसऱ्याच भांड्यावर. भरपाईच्या डब्यात स्वच्छ, गोडं, न हलणारं पाणी असतं, आणि डेंग्यूच्या डासाला याहून चांगलं बाळंतघर मिळायचं नाही. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. पावसाळ्यात महापालिकेचे लोक कुंड्यांच्या ताटल्या आणि फ्रिजमागचा ट्रे तपासायला येतात, तेव्हा टाकीकडे वाकून बघतात आणि पुढे जातात. या डासाची अळी सतत घुसळणाऱ्या खाऱ्या पाण्यात होत नाही. मी स्वतः त्यांना खालचा डबा दाखवते. झाकण घट्ट, नळीपुरतं भोक, भोकाला स्पंज.

आणि कपाटामागची काच? ती विषासाठी. झुरळांचा स्प्रे, डासांची लिक्विडं, पेस्ट कंट्रोलवाल्यांचं औषध, यातली बरीचशी औषधं पायरेथ्रॉइड जातीची. माणसांना त्यांचा फार त्रास होत नाही. माशांना आणि त्याहून जास्त कोळंबीला ती अगदी थोड्या प्रमाणातही मारक. सासूबाई संध्याकाळी धूप घालतात, त्याला माझी हरकत नाही, फक्त हॉलमध्ये नको एवढंच ठरलंय. "माशांना देवाचा वाससुद्धा चालत नाही का गं?" असं त्या अधूनमधून म्हणतात आणि धुपाटणं आत नेतात. पेस्ट कंट्रोलच्या दिवशी मात्र जाळीचा उपयोग नाही. त्या दिवशी काच चढते, कडांवर ओली फडकी, वर प्लास्टिक. स्किमर आणि एअर पंप बंद, कारण ते खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात कालवतात. पाणी फिरवणारे पंप चालू. दुपारभर खिडक्या उघड्या, मग संध्याकाळी काच काढून खालून पुसायची, जाळी परत.

सोसायटीच्या फलकावर रविवारची नोटीस लागली आहे, सकाळी दहा ते एक, सर्व सदनिका. काचेचा मागचा कोपरा मागच्या वेळी टवका उडून धारदार झालाय, तो घासून आणायला हवा. आणि स्किमरची हवेची नळी बाल्कनीपर्यंत पोचली तर तो बंद ठेवायची गरज पडणार नाही. भावाला दोन मीटर लागली होती, मला तीन तरी लागतील. शनिवारी क्रॉफर्ड मार्केटला जाणं आहेच.